मुलग्यांची यादी

रविवार, अठरा जानेवारी. जागा : थोरल्या दिरांची पडवी. हजर : मी, माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांचा मुलगा म्हणजे माझा पुतण्या, त्याची बायको म्हणजे आमची सून, आणि तिची आई, आमच्या विहीणबाई. त्या टोकावड्याच्या अलीकडच्या गावाहून सकाळच्या एसटीने आल्या होत्या. गैरहजर : थोरले दीर. बायका बसल्या की त्यांना मळ्यात काम निघतं. पाळणा वाशाला गुंडाळून ठेवला होता. त्यातलं बाळ डिसेंबरात गेलं, पाच महिन्यांचं होऊन.

हे मी त्याच दिवशी वहीत लिहिलं, कारण तिथे जे ठरायला हवं होतं ते ठरलं नाही, आणि पुढे कोणी विचारलं तर कोण कोण होतं ते मला सांगता यायला हवं. मी शहापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. बावीस वर्षं झाली. गरोदर बायकांची वही, लसीकरणाची वही, जन्माची, मृत्यूची. घरात किराण्याचीही यादी मी तारीख घालून करते, त्यावरून नवरा हसतो.

विहीणबाई आल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, लेकीला चार दिवस माहेरी न्यायला आल्या असतील. दुसरं बाळ गेलेली पोर, तिला आईने न्यावं यात विशेष काही नाही. चहा झाला. जाऊबाईंनी तिळाचे लाडू पुढे केले, त्यांनी एक घेऊन हातातच ठेवला. मग पदराशी चाळा करत लेकीला म्हणाल्या, "ते फ्रॉकांचं गाठोडं कुठं ठेवलंस गो? दे, मी नेते."

सून उठली नाही. "कशाला?"

"लागतील."

"कोणाला लागतील, आई?"

 विहीणबाईंच्या धाकट्या लेकीला सातवा महिना सरत आला होता. गुरुवारी ओटी भरून तिला माहेरी आणलं होतं. चार दिवसांपासून घर भरलेलं होतं आणि थोरल्या बहिणीला पत्ता नव्हता. दोन मुलं गेलेल्या बाईला ओटीला बोलवत नाहीत, म्हणून तिला सांगितलंच नव्हतं. हे सगळं त्यांच्या तोंडून एकेक शब्द ओढून काढावं लागलं.

सून एवढंच म्हणाली, "मला सांगायचं तरी."

मला मात्र त्या क्षणी ओटीचं काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. मुंबईच्या डॉक्टरीणबाई आम्हाला उठता उठता म्हणाल्या होत्या, "आईला बहीण आहे का? असेल तर तिच्या बाळंतपणाआधी मला कळवा. बाळाला एकही जिवंत लस द्यायच्या आधी." सून तेव्हा म्हणाली होती, बहीण आहे, पण लग्नाला वर्षच झालंय, अजून काही नाही. आणि इथे सातवा महिना.

हे कशामुळे, ते समजायला मागचं सांगावं लागेल.

सुनेचं पहिलं बाळ दोन वर्षांपूर्वी गेलं. मुलगा. पाच महिन्यांचा असताना छाती भरली, शहापूरला नेलं, तिसऱ्या दिवशी संपलं. मृत्यूच्या वहीत कारणाच्या रकान्यात मीच लिहिलं, न्यूमोनिया. लहान मुलं न्यूमोनियाने जातात, मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. दुसरा मुलगा जुलैत झाला. उपकेंद्रातच झाला, माझ्या हातावर. त्याच दिवशी मी त्याला डाव्या दंडावर बीसीजी दिली, तोंडात पोलिओचे थेंब घातले आणि लसीकरणाच्या वहीत नोंद केली. दोन्ही वह्या एकाच कपाटात असतात, एकाच खणात. त्या मी कधी शेजारी शेजारी उघडल्या नाहीत.

बाळाला सुरुवातीपासून फ्रॉक घालत. विहीणबाईंनी बाळंतविड्यात आणलेले, वापरून मऊ झालेले, गुलाबी आणि पिवळे, एकाला झालर. त्यांच्या माहेरची रीत, मुलगा झाला की वर्षभर मुलीचे कपडे घालायचे, कानात बारीक डूल, आणि कोणी विचारलं तर मुलगी म्हणून सांगायचं. वजन करायला आणलं की मी पहिला तो फ्रॉक उतरवायची. एकदा आशाताईसमोर सुनेला बोललेही होते, "शिकलेली ना तू? ह्या फ्रॉकाने काय होणार आहे?" ती म्हणाली, "काय नाय होणार, काकी. आईला बरं वाटतं."

दंडावरची बीसीजीची जागा दीड-दोन महिन्यांत पिकते आणि सुकते. ह्याची सुकली नाही. ओली राहिली. मग काखेत गाठ आली. बीसीजीनंतर काही बाळांना अशी गाठ येते, बहुतेक वेळा आपोआप बसते. मी शेकडो आयांना हे सांगितलंय आणि ते खरंही असतं. मी तेच सुनेला सांगितलं. तोंडात पांढरं धरलं, औषध लावलं की जायचं आणि परत यायचं. जुलाब थांबेनात. वजनाची रेघ कार्डावर आडवी झाली. ऑक्टोबरात शहापूरला रक्त तपासलं. कागद मी हातात घेतला आणि आम्ही सगळ्याच बघतो तसं आधी हिमोग्लोबिन बघितलं. कमी होतं. लोहाचं औषध दिलं. खाली लिम्फोसाइट्स नावाच्या पांढऱ्या पेशींच्या पुढे एक लहानसा आकडा होता, इतक्या लहान बाळाला शोभेल त्याच्या कितीतरी खाली. तो आकडा त्या कागदावर महिनाभर होता. कागद माझ्या फाइलमध्ये होता.

नोव्हेंबरअखेर खोकला सुरू झाला आणि शहापूरच्या बालरोग डॉक्टरांनी तो जुना कागद मागून घेतला. त्यांनी तो अगदी खालपर्यंत वाचला. मग काखेतली गाठ दाबून बघितली आणि मला विचारलं, "पहिलंही गेलं ना ह्यांचं? मुलगाच?" त्यांनी मुंबईला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं की आधी रक्त पाठवा, पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजू, अहवाल बघून वेगळी खोली तयार ठेवू. बाळाला गर्दीतून आणू नका.

रक्त मी नेते म्हटलं. कोणीही हो म्हटलं असतं. बावीस वर्षं मी लशी नेतेय. जांभळ्या झाकणाची छोटी नळी, तिच्यावर चिकटपट्टी, नाव, वेळ. कसं न्यायचं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उपकेंद्रातून लसीचा डबा आणला, चारही बाजूंना गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या लावल्या, मधे नळी ठेवली, झाकण घट्ट केलं. आसनगावहून गाडी धरली. डबा पूर्णवेळ मांडीवर होता. उन्हाच्या बाजूला बसले नाही.

प्रयोगशाळेच्या खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिने डबा उघडला आणि हात मागे घेतला.

"हे बर्फात कोणी ठेवलं?"

"मी."

"मॅडम, ह्याला बर्फ चालत नाही. साध्या हवेत आणायचं असतं. पेशी धड लागतात आम्हाला, त्यांच्यावरच्या खुणा वाचून मोजायच्या असतात." तिने नळी तिरकी करून उजेडात धरली. "हे नाही घेता येणार. नवीन आणा. आज शनिवार आहे, आता सोमवारी."

आशाताईंच्या डब्यातला बर्फ वितळला म्हणून मी आजवर किती जणींना रडवलंय त्याची नोंद माझ्याकडे नाही.

रविवारी बाळाचा ताप उतरला नाही. सोमवारी पहाटे परत रक्त काढायचं होतं तर शीर सापडेना. हात झाला, पाय झाला, शेवटी डोक्यावरची मिळाली. सून बाहेर उभी होती. तिने विचारलं, "शनिवारचं काय झालं, काकी?" मी म्हटलं, "खराब झालं." तिने पुढे विचारलं नाही. माझ्यामुळे खराब झालं, हे वाक्य मी तिला पंधरा दिवसांनी सांगितलं. त्या दोन दिवसांनी फरक पडला असता का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बहुधा नाही." त्यातला 'बहुधा' मी वहीत लिहून ठेवलाय.

दुसरी नळी मी सुती रुमालात गुंडाळून पिशवीत नेली. ती त्यांनी घेतली.

अहवालाचा कागद एक पानी होता. डॉक्टरीणबाईंनी तो आम्हा तिघांसमोर, म्हणजे सून, पुतण्या आणि मी, टेबलावर ठेवला. म्हणाल्या, तुम्ही ह्याच खात्यातल्या आहात, तुम्हाला नीट सांगते. पांढऱ्या पेशी म्हणजे एकच जात नाही. त्यातल्या लिम्फोसाइट्सचे मुख्य तीन गट मोजतात. टी पेशी : ह्या जंतू लागलेल्या पेशींना मारतात आणि बाकीच्यांना काम सांगतात. बी पेशी : ह्या प्रतिपिंडं तयार करतात. एनके पेशी : ह्या वाट न बघता थेट मारतात. प्रत्येक गटाच्या पेशीवर वेगळी खूण असते, यंत्र ती ओळखून एकेक पेशी मोजतं. ह्या बाळाच्या रक्तात बी पेशी भरपूर होत्या. टी जवळपास नव्हत्या. एनके नव्हत्या. बी होत्या, पण त्यांना काम सांगायला कोणी नव्हतं म्हणून त्यांचाही उपयोग नव्हता.

मी कागदाकडे बघत होते. हजेरीपट असतो तसाच होता. नावं, आणि पुढे कोण हजर, कोण नाही.

"म्हणजे बीसीजी..." मी म्हटलं.

"बीसीजीत क्षयाचे जिवंत जंतू असतात, कमजोर केलेले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या-माझ्या शरीरात टी पेशी त्यांना तिथेच दाबून टाकतात. ह्याच्यात दाबायला कोणी नव्हतं. ते दंडातून काखेत गेले, आता यकृतात आणि छातीत आहेत."

पुतण्याने माझ्याकडे बघितलं नाही, एवढं मला आठवतं. डॉक्टरीणबाईंच्या ते ध्यानात आलं असावं. त्या म्हणाल्या, लस सगळ्यांना देतात, द्यायलाच हवी, देणाऱ्याला हे दिसत नाही. हे आधी कळायचं तर घरातून कळावं लागतं. मग सुनेला विचारलं, तुझ्या माहेरी, आईच्या बाजूला, लहानपणी गेलेले मुलगे आहेत का?

सून म्हणाली, "आम्ही दोघी बहिणीच." मग म्हणाली, "भाऊ झाले होते म्हणतात. नाय राहिले. आमच्याकडे मुलगे सोसत नाहीत, म्हणून तर त्यांना फ्रॉक घालतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "परत सांग."

तिने परत सांगितलं. आजीच्या वेळेपासूनची रीत. मुली जगतात, मुलगे जात राहतात. म्हणून मुलग्यांना मुली दाखवायचं.

हा दोष आईकडून मुलाला येतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईला काही होत नाही. तिच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. मुली सुटतात, पण त्यांच्यातल्या काहीजणी तो पुढे नेतात. म्हणजे त्या घरातल्या अडाणी म्हणवलेल्या बायकांनी तीन पिढ्या बघून जे ओळखलं होतं तेच खरं होतं, फक्त उपाय चुकला होता. आणि मी दर महिन्याला तो फ्रॉक उतरवून, घडी करून, काट्याच्या बाजूला ठेवत होते.

पहिल्या काही आठवड्यांत कळलं असतं आणि बीसीजी दिली नसती, तर दुसऱ्याच्या हाडातली मज्जा घालून अशी मुलं वाचवता येतात, असंही त्या म्हणाल्या. खोली मिळाली. काचेच्या पलीकडे बारा दिवस. मग नाही.

आता त्या रविवारकडे परत येते.

मी वही उघडली आणि विहीणबाईंना म्हटलं, "गाठोडं न्या. पण आधी मला तुमच्या घरातले गेलेले मुलगे सांगा. सगळे. तुमचे, तुमच्या आईचे, बहिणींचे."

"मेलेली लेकरं कोण मोजतं, बाई?" त्या म्हणाल्या. आमच्या भागात हे खरंच आहे. तान्ह्या बाळाला पुरतात, त्याच्यावर खूण करत नाहीत, आणि बाईला मुलं किती विचारलं तर ती जिवंत तेवढी सांगते.

 जाऊबाई म्हणाल्या, "मोजा की. आमचे दोन आमी मोजलेत. लग्न ठरवताना पत्रिका बघितली, शेती बघितली, हे का नाय सांगितलं?"

"काय सांगायचा होता?" विहीणबाईंचा आवाज चढला. "माझे पोरगे गेले ते सांगत फिरू? तुमी केली असती पोर?"

"नसती केली."

"मग!"

पुतण्या म्हणाला, "आई, बास." त्या बैठकीत तो एवढंच बोलला.

मी म्हटलं, "जाऊबाई, भांडण नंतर करू. यादी आधी." जाऊबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या याद्यांनीच तर..." आणि थांबल्या. त्यांनी ते वाक्य पुरं केलं असतं तरी मी खोडलं नसतं.

मग सून बोलली. "आई, सांग. माझे भाऊ किती?"

विहीणबाईंनी हातातला लाडू खाली ठेवला. अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागल्या. तुझ्या आधी एक, आठ महिन्यांचा. तुझ्या आणि धाकटीच्या मधे एक, सव्वा महिन्याचा. धाकटीच्या मागून एक, दात येत होते. माझे भाऊ दोन, मी लहान होते, एकाचं तोंड आठवतं. माझ्या मावशीचा एक. दुसऱ्या मावशीला पोरगे दोन, ते हायत, म्हातारे झाले. त्या मोजत होत्या आणि मी लिहीत होते. दर मुलग्यामागे मी विचारलं, कशाने? जुलाब. छाती भरली. तोंड आलं, दूध सुटलं. दृष्ट. त्यांना एकेकाचं वय दिवसापर्यंत पाठ होतं. कोण मोजतं म्हणणारी बाई.

यादी पूर्ण झाली. मी त्यांना सांगितलं, सोप्या शब्दांत, दोनदा. धाकटीत दोष असेलच असं नाही. असला तरी मुलगी झाली तर प्रश्न नाही. पण मुलगा झाला तर जन्मल्याबरोबर बीसीजी द्यायची नाही, पोलिओचे थेंब नाहीत, आधी रक्त मुंबईला पाठवायचं. वेळेत कळलं तर तो जगू शकतो. मी स्वतः येते, दवाखान्यात सांगते.

"नाय," विहीणबाई म्हणाल्या. "तुमी येऊ नका."

"का?"

"तिची सासू आता माझ्याच घरी असते निम्मा वेळ. मुरबाडची माणसं, दुकान हाय त्यांचं. रक्तात दोष हाय म्हटलं तर बाळंतपण झाल्यावर तिला परत नेणारच नाहीत. हिचा नवरा तरी गरीब, हिला ठेवलीय." त्यांनी पुतण्याकडे पाहिलंही नाही. "माझी एक लेक अशी झाली. दुसरी नांदू दे."

"आणि बाळ?"

"मुलगीच होईल," त्या म्हणाल्या. "मी नवस बोललेय."

मी फोन नंबर मागितला. धाकटीचा फोन बिघडलाय म्हणाल्या. कुठल्या दवाखान्यात नाव घातलंय विचारलं. सासरचे बघतात म्हणाल्या. सून उठली, आत गेली, गाठोडं घेऊन आली. मला वाटलं ती देणार नाही. तिने गाठोडं सोडलं, झालरीचा पिवळा फ्रॉक काढून घेतला, बाकीचे परत बांधून आईच्या मांडीवर ठेवले. मी तोवर कार्डाएवढ्या कागदावर लिहिलं होतं : 'मुलगा झाल्यास बीसीजी व पोलिओचे थेंब देऊ नयेत. मामा व मावसभाऊ तान्हेपणी दगावले आहेत. आधी रक्तातील टी, बी, एनके पेशींची तपासणी.' खाली माझा नंबर. तो मी फ्रॉकांच्या मधे सरकवला. विहीणबाईंनी बघितलं.  एसटीच्या थांब्यावर पुतण्या सोडायला गेला होता. त्याने येऊन सांगितलं की गाडी येईस्तोवर त्यांनी गाठोडं पुन्हा सोडून बांधलं.

सून माहेरी गेली नाही. आईने चल म्हटलंच नाही.

नंतर मी केलेलं : शहापूरच्या डॉक्टरांना यादीची प्रत दिली. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना कळवलं, त्या म्हणाल्या, धाकटीला स्वतःला सांगा, तिचा निर्णय आहे, तिच्या आईचा नाही. टोकावड्याकडच्या आरोग्यसेविकेला फोन केला. ती म्हणाली, ताई, असं नाव माझ्याकडे नाही, खासगीत घातलं असेल. मुरबाडमधले दवाखाने लिहून काढले, पण दवाखान्याला त्या मुलीच्या घरातलं मी परस्पर सांगायचं, तर ती बातमी तिच्या आधी तिच्या सासूकडे पोचेल. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदा जाऊन आले. विहीणबाईंनी ओसरीवर बसवलं, चहा दिला, लेक तपासणीला गेलीय म्हणाल्या. आतल्या दारात पडदा होता. कोणीतरी खोकलं. मी उठून आत जाऊ शकले असते. तिची सासू समोर तांदूळ निवडत बसली होती, म्हणून गेले नाही.

आज वीस फेब्रुवारी. धाकटीचे दिवस गुढीपाडव्याच्या सुमाराला भरतात, पण ती लवकरही बाळंत होऊ शकते. सुनेने काल संध्याकाळी येऊन विचारलं, "काकी, झालं का सांगून?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग मी येते तुमच्याबरोबर. माझ्या बहिणीला मी हाक मारली तर ती बाहेर येईल." पुतण्याला विचारून सांगते म्हणाली. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

वहीतल्या पानावर सहा कामं आहेत. पाचांपुढे खूण आहे. सहावं : धाकटीला सांगणे.